नाव भिंतीवर घाला, पोराच्या पाठीवर नको

अक्का, सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यातल्या महिला मंडळाची खजिनदार. गेल्या थंडीत आम्ही घरोघर फिरून जुने स्वेटर गोळा केले, धुऊन, घड्या घालून शाळेत वाटले. चौथीतल्या एका मुलाच्या वाट्याला नेमका त्याच्याच वर्गातल्या पोराचा स्वेटर आला. "ह्यो माझा हाय, खिशाला शाई लागलीया बघ," असं ते पोरगं सगळ्यांदेखत म्हणालं. त्यानंतर त्या मुलाने स्वेटर अंगाला लावला नाही. म्हणून यंदा नवेच घ्यायचे ठरवलं. भिशी, हळदीकुंकू आणि गणपतीतल्या फराळाची विक्री मिळून 40,000 रुपये जमलेत. बेळगावचा एक दुकानदार 320 रुपयांना नग देतो म्हणतो.

आता मंडळात भांडणं लागलीत. मराठी शाळेत 74 मुलं आहेत. त्याच आवारात कन्नड शाळा, तिथे 38. गावाबाहेर वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या खोपींमध्ये गेल्या साली वीसेक पोरं होती. निम्म्या बायका म्हणतात, मराठी शाळेपुरतंच करू, आधीच पट घसरतोय, स्वेटरच्या निमित्ताने पोरं टिकतील. हेडमास्तर म्हणतात, मी गरजूंची यादी देतो, तेवढ्यांनाच द्या. गावातले एक पुढारी झेडपीला इच्छुक आहेत. ते 25,000 देतो म्हणतात, पण स्वेटरच्या पाठीवर त्यांचं नाव छापायचं आणि स्टेज घालून वाटप करायचं. शिवाय गेल्या साली खोपीतल्या, सातवीत बसणाऱ्या एका मुलाचा स्वेटर त्याच्या आईच्या अंगावर दिसला. तेव्हापासून काहीजणी म्हणतात, खोपी-भट्टीवाल्यांना देऊन उपयोग नाही. काय करावं ते सांगा.

— एक खजिनदार, खानापूर तालुका

ता. क. कणकुंबी-जांबोटीकडची माझी एक मैत्रीण विचारते, तिच्या गावालाही स्वेटरच द्यावेत का?

ताई, नमस्कार.

तुम्ही खजिनदार, तेव्हा आधी आकडेच मांडू. दोन्ही शाळा आणि खोपी-भट्टीवरची पोरं मिळून झाली 132. गुणिले 320, म्हणजे 42,240 रुपये. तुमच्याकडे 40,000 आहेत. कमी पडतात 2,240. आता सांगा, या सव्वादोन हजारांसाठी 132 पोरांच्या पाठी भाड्याने द्यायच्या?

मंडळातल्या भांडणात ही बेरीज कुणी केली नसावी असा मला दाट संशय आहे. पंचवीस हजारांचा आकडा समोर आला की बाकीचे आकडे दिसेनासे होतात. आणि ते पंचवीस हजार तरी पुरते कुठे येणार? पाठीवरच्या छपाईचा खर्च, मांडव, खुर्च्या, स्पीकर, बॅनर, पाहुण्यांचा चहा-नाश्ता, आणि शाल-श्रीफळ. पोरांना ऊब मिळावी म्हणून ठेवलेल्या कार्यक्रमात पहिली शाल पडते ती स्टेजवरच्या धडधाकट माणसाच्या खांद्यावर, आणि पोरं खाली जमिनीवर बसून टाळ्या वाजवतात. हे आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की कुणाला त्यात विचित्र काही वाटत नाही. पुढाऱ्यांच्या कपाटांतल्या शाली एकदा बाहेर काढल्या तर अख्ख्या तालुक्याची थंडी भागेल, पण ते असो.

पाठीवर नाव छापलेला स्वेटर पोर घालतं का? शाळेत सांगितलं म्हणून घालेल. पण आजोळी जाताना, जत्रेत, मावशीच्या लग्नात घालणार नाही. मागून चालणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो की हे दान आहे. तुमच्या त्या चौथीतल्या मुलाला खिशावरच्या एका शाईच्या डागाने जे केलं, तेच इथे हातभर अक्षरांत होणार. आणि उद्या निवडणुकीत ते पडले, की पोरांना त्यावरूनही चिडवणार.

तरीही त्यांना तोंडावर 'नको' म्हणून मोकळं व्हा असं मी सांगणार नाही. एका गावात राहायचं असतं, रस्त्याचं, पाण्याचं काम त्यांच्याकडेच घेऊन जावं लागतं. त्यांना दुसरं काम द्या. शाळेच्या खिडक्या बघितल्यात का? खेड्यापाड्यातल्या शाळांत काच फुटलेली, झडप निखळलेली, पुठ्ठा लावून झाकलेली अशी एखादी तरी खिडकी असतेच. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा तिच्यातून येणारा वारा नव्या स्वेटरलाही ऐकत नाही. पुढाऱ्यांना सांगा, "भाऊ, स्वेटरचं आमच्या बायकांनी जमवलंय. खिडक्या आणि दारं मात्र आमच्या आवाक्यातली नाहीत. दोन्ही शाळांच्या तुम्ही करून द्या, भिंतीवर तुमच्या नावाची पाटी लावू." पाटी मोठी लावा, हवी तर रंगीत लावा. भिंतीला लाज वाटत नाही, आणि स्वेटर दोन वर्षांत आखूड होईल पण पाटी राहील, हे त्यांना तुमच्याआधी उमगेल. त्यासाठी हेडमास्तर आणि एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची, परवानगी आधी घ्या. सरकारी इमारतीला हात लावायचा तर ती लागते.

आता यादी. हेडमास्तरांच्या मनात वाईट काही नाही, पैसे कमी पडतील म्हणून ते म्हणत असतील. पण गरजूंची यादी शाळेत कशी वाचली जाते ते तुम्ही-आम्ही लहानपणापासून बघत आलोय. प्रार्थना झाल्यावर नावं पुकारतात, पोरं रांगेतून बाहेर येतात, बाकीची बघत राहतात. त्या दिवसापासून वर्गाला कळतं कोण कुठल्या घरचं. बीपीएल कार्डावरून ठरवायला जाल तर आणखी घोळ. ज्याच्याकडे कार्ड आहे तो गरीबच असतो असं नाही, आणि ज्याचा बाप पुण्याला नाहीतर गोव्याला कामाला जाऊन सहा महिने पैसे पाठवत नाही, त्याच्या घरी कार्ड असेलच असंही नाही. गावच्या सरकारी शाळेत आज येतं कोण? ज्यांना परवडतं त्यांची पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून कधीच गेली. उरलेल्यांत चाळणी लावून मिळणार काय? शाळेत द्यायचं तर सगळ्यांना, शिक्षकाचं पोर तिथे असेल तर त्यालाही. एखाद्या घराला खरंच गरज नसेल तर ते स्वेटरच्या किमतीएवढे पैसे मंडळाला देतील. मागू नका, फक्त पालक सभेत एकदा सांगून ठेवा की असं करता येतं. तुमचे कमी पडलेले 2,240 बहुतेक तिथेच निघतील.

कन्नड शाळेचा प्रश्न तुम्ही जरा दबकत लिहिलाय, ते मला कळतं. 1956 साली सरहद्द आखली गेल्यापासून आपण हा विषय उशाशी घेऊन झोपतो. मराठी शाळेचा पट घसरतोय हेही खरं, आणि त्याचा त्रास मलाही होतो. पण पालक पोराला मराठी शाळेतून काढतात ते कशामुळे? शिक्षकांच्या जागा भरत नाहीत, एक शिक्षक तीन-तीन वर्ग बघतो, पुढे नोकरीला कन्नड लागतं, इंग्रजीची गाडी दारात येते. 320 रुपयांचा स्वेटर यातलं काय थांबवणार? पटासाठी भांडायचं तर शिक्षक मागायला तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या (बीईओ) ऑफिसात जाऊन बसा, सगळं मंडळ घेऊन बसा, मी बाजूने आहे. ते भांडण सहावी-सातवीच्या पोरांच्या अंगावरून कशाला?

आणि आवार एक आहे हो. नळ एक, मैदान एक. एकाच घरातला थोरला मराठीत आणि धाकटी कन्नडमध्ये, अशी घरं तुमच्याही गावात असणार. त्या आईने संध्याकाळी काय करायचं, एकाला घालून दुसरीला शेकोटीजवळ बसवायचं? कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं ते कन्नडमधून द्या. मंडळात कन्नड शाळेत शिकून आलेली एखादी सून नक्की असेल, तिला पुढे करा. अशा कामात सुनांना पुढे करायची संधी सासवा सहसा देत नाहीत, तेवढं हे एक चांगलं निमित्त.

खोपी-भट्टीवरच्या पोरांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण खरी थंडी तिथे आहे. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. पक्क्या भिंतीत, वाकळ घेऊन झोपणाऱ्याला ही गुलाबी थंडी. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या खोपीत जमिनीवर झोपणाऱ्याला ती गुलाबी नसते. ऊसतोडीची टोळी बीडकडून नाहीतर विजापूरकडून आलेली असते, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून नवरा-बायको मिळून एक कोयता अंधारातच फडाकडे निघतो. तान्हं पोर बरोबर, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण शाळेत जात नाही, म्हणून हेडमास्तरांच्या कुठल्याच यादीत ती येणार नाही.

आता तो आईच्या अंगावरचा स्वेटर. फडात बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, पात्यांनी हात कापतात म्हणून. पहाटे दवाने भिजलेल्या उसात उभं राहायचं, आणि घरात एक गरम कपडा आहे, तर तो कामावर जाणाऱ्याने घातला. ऊन वर आलं की तोच पोराकडे परत गेला असेल. तुमच्यातल्या ज्या बायका रागावल्यात त्यांना विचारा, त्यांच्या घरी चांगली छत्री एकच असेल तर ती पावसात कोण नेतं? जो बाहेर जातो तो. एकदा दिला की तो स्वेटर त्या घरचा झाला. आई घालो, धाकट्याला जावो, पुढच्या साली आखूड झाला म्हणून चुलतभावाला देवोत. तपासणी करायला जाऊ नका. त्यातून काही घ्यायचंच असेल तर एवढं घ्या की त्या खोपींत मोठ्यांकडेही गरम काही नाही. मोठ्यांसाठी मात्र जुने, धडके स्वेटर चालतील. सावंतवाडीची नाहीतर गडहिंग्लजची बहीण असेल, तिच्या गावातून गोळा करून आणा, म्हणजे ओळखीचा कपडा ओळखीच्या अंगावर दिसायचा नाही.

जुनं देणं वाईट असं माझं म्हणणं नाहीच. दिल्लीत अंशु गुप्तांनी 1999 मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था वापरलेलेच कपडे देशभर पोचवते, गुप्तांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पण ते कपडे उगाच वाटत नाहीत. गावाने विहीर साफ केली, बांध घातला, की मोबदला म्हणून देतात, आणि मग घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आता चौथीतल्या पोराकडून बांध थोडाच घालून घेणार! मुलांसाठी नवं हेच बरोबर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 1998 साली सुरू झालेली 'ऑपरेशन वॉर्म' ही संस्था मुलांना हिवाळी कोट देते ते नवेच, आणि कोटाच्या आत मुलाने स्वतःचं नाव लिहायची जागा असते. एवढी एक गोष्ट उचला. कॉलरच्या आत पांढऱ्या नाडीचा दोन बोटं तुकडा शिवून द्या, त्यावर पोर आपल्या हाताने नाव लिहील. मराठीत, कन्नडमध्ये, कशातही. ज्याला लिहिता येत नाही तो फूल काढेल. छपाईची हौस असेल तर ती एवढीच.

खरेदीचं सांगते. दुकानदार 320 ला जो दाखवतोय तो बहुतेक ॲक्रिलिकचा विणलेला स्वेटर असणार, लोकर म्हणून विकतात तो. शाळेतल्या पोरांना चालेल. खोपीतल्या पोरांना तो देऊ नका. ती पोरं शेकोटीला चिकटून बसतात, चुलीशेजारी झोपतात. ॲक्रिलिक पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं, मग भाजणं खोलवर जातं. सुती कापडही पेटतं, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही. त्यांच्यासाठी जाड होजिअरीचा, सुती, टोपीवाला जर्किन बघा, कापडाच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. दहा-वीस रुपये जास्त पडले तरी पडू देत. टोपीची नाडी मात्र काढून टाका. बैलगाडीच्या, ट्रॉलीच्या आसपास वावरणाऱ्या पोराच्या गळ्याशी लोंबती नाडी नको. रंग गडद घ्या, पांढरट रंग भट्टीच्या लाल मातीत दुसऱ्या दिवशी दिसत नाही. आणि आधी जाऊन विचारा. कदाचित त्या बाया म्हणतील, स्वेटर नको, रात्रीला एक जाड चादर नाहीतर घोंगडं द्या. तसं म्हणाल्या तर तसं करा. विचारायला जायचं ते संध्याकाळी, गाडी भरून त्या मोकळ्या झाल्यावर. मुकादमाला आधी कळवून जा, नाहीतर त्याला वाटायचं टोळी फोडायला आलात.

शाळेतल्या पोरांची मापं घ्या, इयत्तेवरून अंदाज नको. छातीचं माप इंचात, 22 पासून 32 पर्यंत लागतील. जे माप येईल त्याच्या पुढचा नंबर, म्हणजे वाढत्या अंगाचा. दोन थंड्या निघाल्या पाहिजेत. माप घेतानाच तीन-चार रंग दाखवून कुठला हवा ते पोराला विचारा आणि नावापुढे लिहून ठेवा. हेडमास्तर म्हणतील सगळे एका रंगाचे घ्या, गणवेशाला शोभतील. म्हणू देत. सरकारकडून गणवेश मिळतो, पुस्तकं मिळतात, बूट-मोजे मिळतात, सगळं एकसारखं आणि न विचारता मिळतं. या एका कपड्याचा रंग पोरांनी ठरवला तर शाळेची शिस्त बिघडत नाही. मापात गडबड होणारच, तेव्हा दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की न वापरलेला नग आठ दिवसांत बदलून मिळाला पाहिजे. शंभराच्या वर नग घेताय, तो तयार होईल. पक्की पावती घ्या. तो 320 वरून थोडा खाली आला तर तेवढ्यात खोपींसाठी वरचे चार-सहा नग बसतील. टोळीत किती पोरं येतील ते दिवाळीनंतरच कळतं, वीस म्हटली की सव्वीस निघतात.

वाटप म्हणून काही ठेवू नका. पालक सभा लावा आणि स्वेटर पिशवीत घालून आईच्या नाहीतर बापाच्या हातात द्या. ते घरी नेऊन पोराला घालतील. पोराला वाटलं की आईने आणलाय, तर तसंच वाटू द्या, तुम्हाला काय कमी होतंय? ज्यांचे पालक येणार नाहीत त्यांचे वर्गशिक्षकांनी शाळा सुटताना द्यावेत. फोटोचा हट्ट कुणीतरी धरेलच. वर्गणीदारांना दाखवायला काहीतरी लागतं म्हणतील. घड्या घालून रचलेल्या स्वेटरांचा काढा, पावतीचा काढा, मंडळाच्या बायकांचा काढा, छान नटून काढा. पोरांचा काढू नका. आज तो व्हॉट्सॲपवर गेला की दहावीत गेल्यावरही त्याच्या मित्रांच्या मोबाईलमध्ये सापडतो.

दसऱ्याच्या सुट्टीआधी मापं उरका. दिवाळीनंतर थंडी पडायला लागते, तेव्हा माल हातात पाहिजे. पुष्कळ मंडळं जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून स्वेटर वाटतात, कारण बायका तेव्हा जमतात. तोवर निम्मी थंडी सरलेली असते. हिशेब देवळाच्या फळ्यावर लावा, जमा किती, खर्च किती, उरले किती. कुणाला किती दिले ते लावू नका.

कणकुंबी-जांबोटीकडच्या तुमच्या मैत्रिणीचं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय, तिच्या गावालाही स्वेटरच द्यावेत का. तिला सांगा, घाटमाथ्यावर पोरं थंडीपेक्षा जून ते सप्टेंबर ओल्या कपड्यांत जास्त कुडकुडतात, भिजून शाळेत येतात आणि तशीच बसतात. तिच्या मंडळाने रेनकोट घ्यावेत, आणि वर्गात एक दोरी बांधून, ओले कपडे वाळत घालायची सोय करावी. मापाचं मात्र तेच, एक नंबर वाढता.